ओव्हनची चव

लाइट गेली आणि ओव्हनमधला दिवा विझला. ॲपल पायची थाळी आत जाऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती. आबेदानं काचेला नाक लावून पाहिलं. मैद्याची पारी अजून पांढरीफटक होती आणि वर ओतलेला साखरेचा तपकिरी पाक कडेनं ओघळायला लागला होता.

"अम्मी, तुम्ही नुसतं बसायचं. हात नाय लावायचा. घंटी वाजली की बटण बंद," असं बजावून फरदीन पाहुण्यांना आणायला गेला होता. पाहुणे म्हणजे प्रणय सर. बिडकीनकडं कंपन्यांच्या बाजूला त्यांचे दोन कॅफे होते, आणि तिसरा शहागंजात, आबेदाच्या दुकानात काढायचा त्यांचा विचार होता. आज चव पसंत पडली की भागीदारी पक्की. भागीदारी पक्की झाली की दुकानातली भट्टी पाडायची आणि तिथं टेबलं मांडायची. एवढं साधं होतं सगळं.

भट्टी आबेदाच्या सासऱ्यांनी बांधलेली. तिच्यापुढं उभा राहून राहून नवरा, दाऊदमियाँ, म्हातारा झाला आणि गेला. मागची नऊ वर्षं आबेदाच ती पेटवत होती. ईद जवळ आली, कुणाच्या घरी लग्न निघालं, की मोहल्ल्यातल्या बायका नानखटाईची थाळी घेऊन यायच्या आणि भाजून न्यायच्या. कुणाची कुठली हे कळावं म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणी चारोळी टोचायचं, कुणी अर्धा बदाम. आबेदाच्या स्वतःच्या घरची खूण लवंग. फरदीनला पाढे यायच्या आधी या खुणा तोंडपाठ होत्या. तोच फरदीन हल्ली म्हणायचा, "भट्टीचं कोण खातंय आता, अम्मी? जमाना ओव्हनचा हाय."

आबेदा स्टुलावर जाऊन बसली. लाइट काही तिनं घालवली नव्हती. तासाभरात सर येतील, कच्चा मैदा चावतील, तोंड वाकडं करतील आणि आपल्या गाडीत बसून जातील. भट्टी वाचेल. तिनं फक्त बसायचं होतं, आणि पोरानंच तसं सांगितलं होतं. इतकं आज्ञाधारक व्हावंसं तिला उभ्या आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पाच मिनिटं ती बसलीही. पण डोळे काही तिचं ऐकेनात. काचेआड लोणी सुटत होतं, पारी बसत चालली होती. सकाळी पोरानं सफरचंदं सोलली, साखर वितळवताना बोट भाजून घेतलं आणि फुंकर मारत वर हसला. आणि लग्न होऊन या भट्टीशी आल्यापासून चाळीस वर्षांत आबेदाच्या समोरून कुणाची थाळी कच्ची परत गेली नव्हती. जिच्याशी ती सहा महिने बोलत नव्हती त्या शेजारणीचीसुद्धा नाही.

"आग लागो त्या ओव्हनला," म्हणत ती उठली.

भट्टीत सकाळची धग होती. हात आत धरून तिनं मोजायला सुरुवात केली. सातापर्यंत सोसवलं, आठाला चटका बसला. हवी तेवढीच आच होती. तिनं थाळी लांब दांड्याच्या फळीवरून आत सरकवली आणि लोखंडी झाकण ओढलं. पुढचं नाकावर सोपवलं. वास गल्लीत पोचला तेव्हा थाळी बाहेर काढली. पारी खरपूस तांबूस झाली होती आणि पाक वर चकाकत होता. तेवढ्यात लाइट आली. आबेदानं थाळी गपचूप ओव्हनमध्ये ठेवली आणि हात मांडीवर घेऊन पुन्हा स्टुलावर बसली.

सरांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"फरदीन, मी पुण्यामुंबईत खाल्लंय हे. असं खरपूस कुठं नाही!" त्यांनी ओव्हनच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. "मशीन ते मशीन. अशी आच जुन्या भट्टीला जन्मात जमणार नाही. काय हो, आंटी?"

"नाय जमणार," आबेदा म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पोराचा चेहरा इतका उजळलेला तिनं वर्षभरात पाहिला नव्हता.

"मग ठरलं. शुक्रवारी माझ्या कॅफेंसाठी असे पन्नास पाठव, अगदी हीच चव पाहिजे. आणि ती भट्टी याच आठवड्यात काढून टाक."

फरदीननं हसत मोठा घास घेतला आणि चावता चावता थांबला. तोंडातून काहीतरी काढून त्यानं तळहातावर ठेवलं. भाजून काळी पडलेली लवंग होती. ती कधी टोचली हे आबेदालाही आठवेना. थाळी भट्टीकडं निघाली की तिचा हात आपला आपणच लवंगांच्या डबीकडं जायचा.

फरदीननं लवंगेकडं पाहिलं. भट्टीच्या झाकणाकडं पाहिलं. मग अम्मीकडं पाहिलं आणि मूठ मिटली.

"सर, भट्टी राहू द्या," तो म्हणाला. "लोकांना फोटो काढायला असलं जुनं कायतरी लागतंय."

"वा! हे सुचलं नव्हतं मला," सर खूश झाले. "राहू दे. शोभेला बरी."

गाडी गेली. दुकानात मायलेक दोघंच उरली. आबेदा पदराशी चाळा करत वाट पाहत राहिली. आता हा पाया पडतो की गळ्यात पडतो, तिला कळेना.

फरदीननं शटर अर्धं खाली ओढलं आणि जवळ येऊन आवाज बारीक केला.

"अम्मी, शुक्रवारी पहाटेच भट्टी पेटवावी लागंल. लाकडं मी आणतो. तेवढी लवंग नका टोचू."