दुधाचा दात

बालदंतवैद्यकाचं पुढचं शिक्षण घ्यायला डॉक्टरीण लेकीला आजीपाशी ठेवून परगावी राहत होती. आज सकाळी फोनवर लेक म्हणाली, "आई, पहिला दात पडला गं! तू येईपर्यंत सांभाळणार होते, पण ऐकेना मेला!" हसता हसता डॉक्टरिणीने तो दात डबीत जपून ठेवायला सांगितलं. संध्याकाळी वस्तीतल्या शिबिरात शेवटची चिमुरडी खुर्चीत बसली. दुधाचा दात नुसता लोंबत होता. बोट लावायचा अवकाश. पण पोरीने तोंडावर हात धरला. "आई कामावरून आली की काढा. तिला बघायचाय." शिकवणाऱ्या मॅडम सामान आवरत म्हणाल्या, "अगं, गाडी खोळंबलीय. सेकंदाचं काम, उरक की!" खरंच, सेकंदाचंच तर होतं. डॉक्टरिणीने हातमोजे उतरवले. "मॅडम, तुम्ही व्हा पुढे. मी बसने येईन." मग चिमुरडीशेजारी बसून ती हळूच म्हणाली, "त्या दाताला सांग, जरा दम धर. आई निघालीय."