न दाखवलेली ओळख

कोच हॅस्केट हातभर अंतरावर उभे होते आणि डार्सीने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुकानाच्या रांगेत पुढे कोच, त्यांच्यामागे बर्फाच्या दोन पिशव्या घेतलेली डार्सी, आणि तिच्यामागे तिची आई नेल्डा. कोच एकदा मागे वळले, मग च्युइंगगमच्या पाकिटांकडे बघत राहिले, पैसे देऊन निघून गेले.

टेक्ससच्या या टोकाला समोरून अनोळखी ट्रक आला तरी लोक स्टिअरिंगवरचं बोट उचलून रामराम करतात. आणि हे तर गावाला फुटबॉलमध्ये दोनदा राज्याचं अजिंक्यपद मिळवून देणारे कोच! नेल्डाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात रांगेत शेवटी ट्वाइला उभी होती. ट्वाइलाने पाहिलं म्हणजे गावाने पाहिलं.

"साधं हॅलो म्हणायला काय झालं होतं तुला?" गाडीत बसल्या बसल्या नेल्डा कडाडली.

"आई, राहू दे ना."

"राहू कसं देऊ? आज तुझ्यासाठी अख्खं गाव जेवायला येतंय. कोचही येतायत, बायकोला घेऊन. काय म्हणतील लोक?"

डार्सीने बर्फाच्या पिशव्या सावरून धरल्या. वितळलेल्या बर्फाचं पाणी तिच्या मांडीवर ठिबकत होतं.

नेल्डाला एकाच गोष्टीची धास्ती होती. पोर शिकली आणि गावाला विसरली, असं कुणी म्हणायला नको. शाळेच्या कँटीनमध्ये तिने तीस वर्षं पोरांना वाढलं होतं, घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. डार्सीने दिवसा पेंडीच्या दुकानात नोकरी करून आधी चार वर्षांची पदवी घेतली. मग साठ क्रेडिटचं मास्टर्स. मग राज्याची परीक्षा. मग पन्नास मैलांवरच्या क्लिनिकमध्ये, वरिष्ठांच्या देखरेखीखाली, तीन हजार तास. त्यातले निम्मे समोरासमोर बसून लोकांची दुःखं ऐकण्याचे. अकरा वर्षं लागली. ही सगळी यादी नेल्डाला तोंडपाठ होती आणि पेट्रोल पंपावरच्या माणसापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना तिने ती ऐकवली होती. शेवटी न विसरता जोडायची, "पण माझी डार्सी आहे तशीच आहे हं. मोठेपणा म्हणून नाही तिच्या अंगात."

समुपदेशकाचा परवाना मंगळवारी पोस्टाने आला होता. आता तो चौकटीत बसून चर्चच्या हॉलमध्ये, पीचच्या गोड पदार्थाशेजारी मांडला होता. लोक हात पुसून तो वाचत होते.

आतल्या स्वयंपाकघरात नेल्डा राजमा ढवळत होती. डार्सीच्या तीन हजार तासांवर ज्यांनी सह्या केल्या त्या डॉक्टर इम्हॉफ तिच्या मदतीला आल्या होत्या. ठेंगण्याशा, मोकळ्या स्वभावाच्या बाई. दोघींशिवाय तिथे कुणी नव्हतं.

"बाई, खरं सांगा," नेल्डा म्हणाली, "सगळ्यात अवघड काय असतं हो? परीक्षा ना?"

"छे! परीक्षा कुणीही पाठ करून देईल." इम्हॉफबाई मक्याचा पाव कापता कापता हसल्या. "अवघड असतं ते बाहेर. आमच्याकडे मन मोकळं करायला येणारं माणूस रस्त्यात भेटलं तर आधी त्याने ओळख दाखवायची. त्याने नाही दाखवली तर आम्हीही नाही. नाहीतर लगेच कुजबुज, की हा त्या बाईला कुठून ओळखतो? लहान गावात तर फारच जड जातं. आपलीच माणसं आपल्याला गर्विष्ठ म्हणतात, आणि कारण सांगायची सोय नाही."

नेल्डाचा डाव पातेल्यातच थांबला. च्युइंगगमच्या पाकिटांकडे बघणारे कोच तिला आठवले. खेळताना कुणी कण्हलं तरी ज्यांना खपायचं नाही, ते कोच. हातातून बॉल निसटलेल्या पोराला "रडतोस काय, बाईसारखा?" म्हणून ओरडणारे कोच.

"काही झालं का?" इम्हॉफबाईंनी विचारलं.

"वाफ गेली डोळ्यांत," नेल्डा म्हणाली आणि पातेलं उचलून बाहेर आली.

बाहेर वाढपाची रांग लागली होती. रांगेत कोच होते, शेजारी त्यांची बायको. पलीकडच्या टोकाला डार्सी ग्लासांत चहा ओतत होती, थंड, गोड. आणि ट्वाइलाने नेमकी तीच वेळ साधली.

"काय गं नेल्डा," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "सकाळी दुकानात तुझ्या लेकीने कोचकडे बघितलंसुद्धा नाही! भांडण-बिंडण झालंय की काय दोघांचं? की आणखी काही भानगड?"

हशा पिकला. कोचची बायको हसत हसत नवऱ्याकडे वळली आणि तिचं हसू हळूहळू विरलं, कारण कोच पांढरेफटक पडले होते. त्यांच्या हातातली थाळी कलली होती. डार्सीचा हात थांबला. ती खोटं बोलणार नव्हती आणि खरं तिला बोलता येत नव्हतं. सगळा हॉल उत्तराची वाट बघत होता.

नेल्डाने लेकीकडे पाहिलं. सकाळपासून आईच्या शिव्या खाऊनही पोरीने तोंड उघडलं नव्हतं. उद्याही उघडणार नव्हती. अकरा वर्षांत वाटला नव्हता इतका अभिमान नेल्डाच्या छातीत दाटून आला. तिने पातेलं टेबलावर दणकन आपटलं आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "भानगड कसली डोंबलाची! शिकून शेफारलीय कार्टी, दुसरं काय!"