मातीतलं गाणं

अमेरिकेत, ॲन आर्बरला आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात माझ्या लेकीने, नीनाने, एक जपानी बाई गायला आणली. आयाका तिचं नाव. म्हणे पॅरिसपासून शिकागोपर्यंत जॅझ गाऊन आलीये! तिचं गाणं संपताच मी माइक घेतला. “ओसाकात जन्मायचं आणि अमेरिकेचं जॅझ गायचं? ज्या मातीत जन्मलात तिथलंच गावं. बाकी सगळी नक्कल!”

टाळ्या पडल्या. मराठी न कळणाऱ्या आयाकाने कौतुक समजून कमरेत वाकून नमस्कार केला.

“आता अस्सल ऐका. आमची नीना नाट्यगीत म्हणेल.”

पेटीवाल्या काकांनी सूर धरला. नीना उठली आणि सरळ आयाकाच्या पियानोवाल्याशेजारी जाऊन उभी राहिली.

“बाबा, मी तर इथेच जन्मले.”