मागचं डावं दार

“काच पूर्ण वर घ्या बाबा,” मुलगा बाहेरून म्हणाला आणि त्याने नळीने पाणी सोडलं.

म्हाताऱ्याने हँडल फिरवून काच चढवली. हातात टॉर्च, मांडीवर कोरड्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या. पाणी खालून वर मारायचं, घाई करायची नाही, हे त्याने आत बसण्याआधीच बजावलं होतं. वरून एकदम ओतलं की पाणी कुठूनही उतरतं आणि भलत्याच जागेवर आळ येतो. उभी हयात त्याने गाड्यांच्या काचा बसवण्यात घालवली होती.

आठवडाभर तो या जुन्या गाडीमागे लागला होता. रोज सकाळी काचांना आतून घाम फुटलेला, मागच्या सीटखालचं कार्पेट पिळून घ्यावं इतकं ओलं, आणि दार उघडलं की ओल्या पोत्याचा वास. त्याने सीट काढून कार्पेट उन्हात टाकलं. वायपरखालच्या खोबणीतून कुजलेला पाला उपसला. एसीची तुंबलेली नळी तोंडाने फुंकून मोकळी केली. निम्मा घाम गेला, निम्मा राहिला. म्हणजे कुठेतरी अजून एक चोर होता.

घर दुसऱ्या शहरात हलणार होतं. सामान ट्रकने, माणसं या गाडीने. “मागे डावीकडे, खिडकीशी मी बसणार,” त्याने पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं. सून नुसती हसली. मुलगा म्हणाला, “आधी गाडी कोरडी तर करा. तुमच्याशिवाय कुणाला जमणार ते?” एवढ्यावर म्हातारा त्या दिवशी दोन घास जास्त जेवला. कुणी फुकट कौतुक केलं की मागून काम येतं, हा साधा हिशेब त्याला जन्मात जमला नव्हता. गिऱ्हाइकंही त्याला असंच गुंडाळायची.

मुलगा लहान होता तेव्हा बापलेकांची एक पद्धत होती. पाण्याने चोर सापडला नाही की बाप काचा लावून आत बसायचा, डोळे मिटायचा, आणि पोरगं मोठ्याने पाढे म्हणत गाडीभोवती फिरायचं. जिथून आवाज स्वच्छ आत येई, तिथलं रबर मेलेलं. पण ते पोरगं पुढे ऑफिसात चिकटलं, टाय लावायला लागलं. हातातलं सगळं विसरलं, असं म्हाताऱ्याने कधीच ठरवून टाकलं होतं. आणि त्याने एकदा ठरवलं की त्यात खाडाखोड नसे.

पाणी पुढच्या काचेवरून उजव्या बाजूला गेलं, दारांवरून मागे सरकलं. म्हातारा पट्टी लावायचा, टॉर्च मारायचा आणि ओरडायचा, “कोरडं! पुढे घे!” डिकीला वळसा घालून मुलगा डाव्या बाजूला आला आणि पाणी थांबलं. सून हात पुसत बाहेर आली होती.

“टीव्ही कशात न्यायचा?” तिने विचारलं. “ट्रकमध्ये फुटेल.”

“मागच्या सीटवर. डावीकडे, खिडकीशी,” मुलगा म्हणाला. “म्हणून तर गळती काढतोय. ओल लागली तर बिघडायचा.”

“आणि बाबा?”

“बाबांना नाही न्यायचं. ते ताईकडे राहतील.”

“ताई हो म्हणाल्या?”

“थंडी संपेपर्यंत म्हणाली. पुढचं पुढे.”

“बाबांना सांगितलंत?”

“कसं सांगू? समोर बसलं की तोंडच उघडत नाही माझं.”

एरवी हा मुलगा तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा. बापाला प्रत्येक वाक्य दोनदा विचारावं लागे. आज शब्द न् शब्द सुटा, थेट कानात येत होता. म्हाताऱ्याने टॉर्च वळवला. मागच्या डाव्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात रबर चपटं होऊन पत्र्यापासून सुटलं होतं. नखाएवढी फट. चोर सापडला होता.

त्याने टॉर्च विझवला. त्याच्या श्वासाने काच धुरकट होत गेली. बाहेरची दोघं आता नुसत्या दोन डागांसारखी दिसत होती.

मग त्याने जन्मात पहिल्यांदा हिशेब मांडला. गळती सापडली नाही तर गाडी कोरडी होत नाही. गाडी कोरडी झाली नाही तर निघणं नाही. निघणं लांबलं तर पोराचं मन पालटायला वेळ मिळतो. त्याने तोंडावरून हात फिरवला, हट्टी गिऱ्हाइकासमोर चढवायचा तो चेहरा चढवला आणि दार उघडून उतरला.

“काय बाबा, सापडलं?”

“छे! रबरं सगळी ठणठणीत आहेत,” म्हातारा म्हणाला. “पत्रा आतून कुजलाय कुठेतरी. दारं सोलून बघावी लागतील. मी करतो सगळं, पण वेळ लागणार. आणि तोवर आत काही सामान ठेवू नकोस, सांगून ठेवतो. एकदम वाया जाईल.”

सून स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली. मुलाने डिकी उघडली आणि आतून एक काळं वेटोळं काढून बापाच्या हातात दिलं. कोरं रबर. मापाने कापलेलं, कोपऱ्याची खाचसुद्धा पाडलेली.

“मागच्या डाव्या दाराचं आहे,” तो म्हणाला. “परवाच आणून ठेवलंय. बसवून टाका. मग तुम्ही परत आत बसा, मी बाहेरून परत बोलून बघतो.”