पंच्याहत्तरीचं पान

"संपर्क तुटला. पुन्हा जोडत आहे." टॅबलेटवरची ही एकच ओळ बाबा सकाळपासून वाचत होते.

"बंद करा ना तो टॅबलेट," मुलगा दारातून म्हणाला. "पान लहान पडद्यावर कसं दिसतं ते परवा तुमच्या टॅबलेटवर बघितलं. झालं काम."

"झालं कुठे? तू लॅपटॉपवर बदल केलास की इथे आपोआप उमटायला हवा. तूच म्हणालास."

"अहो, तुमच्या पंच्याहत्तरीसाठी इंटरनेटवर टाकायचं पान आहे. आधीच बघितलंत तर मजा काय राहिली?"

"बरं, नाही बघत."

मागून सूनबाई हसली. "हे आणि नाही बघणार! उद्या तळ्यावर जायचंय, लवकर आवरा म्हणजे मिळवली."

दोघं बाहेरच्या खोलीत गेली. बाबांनी हळूच दार लोटलं.

चाळीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडलेला माणूस. बंद लाइन दिसली की अजून हात शिवशिवायचे. पण खरी गोष्ट निराळी होती. त्या चाळीस वर्षांबद्दल मुलाच्या तोंडून कधी एक शब्द निघाला नव्हता. आता तो त्यांच्यावर अख्खं पान लिहीत होता.

जुन्या सवयीने त्यांनी वही ओढली.

तक्रार: संपर्क तुटला, पान येत नाही.
वायफाय: ठीक.
टॅबलेट बंद करून चालू: फरक नाही.
लॅपटॉप: चालू. सूनबाईची बटणं इथवर ऐकू येतात.
मग घोडं पेंड खातंय कुठे?

काल दुपारी वीज गेली होती. ती परत आली की वायफायचा राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला नव्याने नंबर वाटतो. बाबांनी राउटरची यादी उघडली. लॅपटॉपच्या नंबरातला शेवटचा आकडा परवा बारा होता, आता सतरा. टॅबलेट बिचारा जुन्याच नंबरावर हाका मारत बसला होता!

निदान: समोरच्याचा नंबर बदलला.

टॅबलेटवर पानाच्या पत्त्यात त्यांनी बाराचे सतरा केले.

पान उघडलं. वर त्यांचा फोटो, खाली सगळं कोरं. बाहेर बटणं वाजली आणि बाबांनी बोट न लावता ओळ उमटली: "वय ७५. टेलिफोन खात्यात चाळीस वर्षं."

बाबांनी चष्मा काढून पुसला. लिहिलं तर पोराने!

"उंची किती घालू?" बाहेर सूनबाईने विचारलं.

"घाल पाच-सहा."

"पाच-सात रे गाढवा," बाबा स्वतःशीच पुटपुटले आणि हसले.

पाच-सहा उमटलं. मग फोटोच्या वर मोठ्या अक्षरांत मथळा आला: "हरवले आहेत". त्याखाली उद्याची तारीख. त्याखाली, हळूहळू, शेवटची ओळ:

"स्मरणशक्ती पूर्ण गेली आहे. मुलाचं नाव सांगतात, पण त्यावर विश्वास ठेवू नये."