ताकदीची गोळी

बुटीबोरीच्या बससाठी निघण्याआधी देवराव रोज बायकोच्या तळहातावर ताकदीची गोळी ठेवायचा. प्रेमिला हे कौतुकानं साऱ्या मोहल्ल्यात सांगायची. वर्षभरात तिचा तापट स्वभावही निवळला होता. परवा मात्र ओट्याशीच चक्कर येऊन ती पडली.

दवाखान्यात मशीनवर तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला बेचाळीस निघाले. रोज ताकदीची गोळी घेते म्हटल्यावर डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट मागवून वाचलं.

"ही ताकदीची नाही, बाई. हिनं हृदयाचे ठोके कमी होतात. कोणी दिली तुम्हाला?"

प्रेमिलानं नवऱ्याकडे पाहिलं.

"माहीच बीपीची गोळी हाये," तो खालमानेनं बोलला. "तू लय चिडत होती वं. मंग कशी शांत झाली."



प्रेमिलाचं अंग संतापानं थरथरलं. मशीनवरचा आकडा बेचाळीसवरून हलला नाही.