झाकणाचा डबा

कोंबड्यांच्या तक्रारीवरून आलेला कार्पोरेशनचा साहेब अंजनाबाईच्या परसात उभा होता, आणि त्याच्या शेजारी तक्रार करणारे भिंतीपलीकडचे चंद्रभान ठवकर. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा वर्ज्य.

"पोरगी टायफाइडातून उठली, साहेब. मरता मरता वाचली. या महिन्यात कुठं अंग धरून राहिली, अन् भिंतीले लागून हे घाण! उचला साऱ्या कोंबड्या."

अंजनाबाईनं पदराखाली काहीतरी घट्ट धरलं होतं.

"काय लपवून राहिल्या, बाई?" साहेबानं विचारलं.

"काही नाही जी. कोंबड्या न्यायच्या तर न्या. खुराडं उघडंच आहे."

"अंडेच असन!" ठवकर ओरडले. "पुराव्याले घ्या, साहेब. पंचनाम्यात लिहा."

साहेबानं दरडावलं तसा तिनं पदराखालून स्टीलचा डबा काढला. तो तिच्या हातात असतानाच साहेबानं झाकण उघडलं. आत चार अंडी होती. डब्याच्या एका बाजूवर तिनं तळहात दाबून धरला होता, तो मात्र ती हलू देईना.

"डबा कोणाचा लिहू?"

"माझाच आहे, साहेब. माझाच लिहा."

साहेबानं डबा ओढून घेतला, उजेडाकडे फिरवला आणि त्यावर कोरलेलं नाव मोठ्यानं वाचलं.



"सौ. सुभद्रा चंद्रभान ठवकर."